ओई, एसईसी, व्हीईसी: तालुक्याच्या कॉलेजातली नवी पदवी कशी बनते?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू होते. पूर्वी अर्ज भरणं सोपं होतं. कला, वाणिज्य की विज्ञान हे घरीच ठरलेलं असायचं आणि विषयांच्या दोन-चार कॉम्बिनेशनपैकी एकावर खूण केली की झालं. आता त्याच अर्जावर ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असे रकाने आहेत. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात असेल तर हे समजावून सांगायला कुणी नसतं. मग मैत्रिणीने जे लिहिलं तेच लिहायचं किंवा खिडकीवरचे साहेब सांगतील त्यावर खूण करायची, असं सर्रास होतं.

मला यात वाईट वाटतं ते एका कारणासाठी. मुख्य विषय निवडताना मुलं आणि पालक दहा जणांना विचारतात, आणि या छोट्या रकान्यांकडे 'काहीतरी भरायचंय' म्हणून बघतात. पण पहिल्या वर्षाचा जवळपास निम्मा निकाल या रकान्यांवर अवलंबून असतो. तो कसा, ते बघू.

हे बदललं कधी?

केंद्र सरकारने नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 रोजी मंजूर केलं. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, पदवीचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्राने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने तो आपल्याकडे लागू केला. विद्यापीठांचे स्वतःचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं यांनी 2023-24 पासून सुरुवात केली, तर संलग्न कॉलेजांत तो 2024-25 मध्ये आला.

संलग्न म्हणजे ज्या कॉलेजाचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची असते ते. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. तालुक्याची बहुतेक कॉलेजं संलग्न आहेत, म्हणून आपण बोलणार आहोत ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

बदलामागचा विचार चांगला आहे. भूगोल शिकणाऱ्या मुलीला हिशेब लिहिता यावा, रसायनशास्त्राच्या मुलाला मानसशास्त्राची तोंडओळख व्हावी, आणि बारावीत एकदा धरलेली शाखा ही जन्मभराची भिंत होऊ नये. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे कॉलेजबाहेरही मिळतं. गावाकडच्या मुलाला दुसऱ्या शाखेतलं काही शिकायचं तर कॉलेज हीच एक जागा असते. म्हणून या योजनेचा खरा फायदा व्हायला हवा तो त्याला.

क्रेडिट म्हणजे किती शिकणं?

सगळ्या गोष्टी आता क्रेडिटमध्ये मोजतात. एका सत्रात वर्गात बसून 15 तास शिकलं की एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला एका क्रेडिटसाठी 30 तास लागतात. परीक्षेच्या हिशेबात एक क्रेडिट साधारण 25 गुणांचं धरतात. त्यामुळे दोन क्रेडिटचा विषय 50 गुणांचा आणि चार क्रेडिटचा 100 गुणांचा.

एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट असतात. दोन सत्रांचं एक वर्ष, म्हणजे वर्षाला 40 ते 44. तीन वर्षांची पदवी 120 ते 132 क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स पदवी 160 ते 176 ची. अभ्यासक्रमाच्या तक्त्यात कडेला 4.5, 5.0, 5.5, 6.0 असे आकडे छापलेले असतात. ते गुण नव्हेत. पहिलं, दुसरं, तिसरं आणि चौथं वर्ष यांच्या त्या पातळ्या आहेत.

एखादा दोन क्रेडिटचा विषय नापास झाला तर त्याचे क्रेडिट जमा होत नाहीत. एटीकेटी मिळून पुढच्या वर्गात जाता येतं, पण पदवीसाठी तो विषय कधी ना कधी सोडवावाच लागतो. 'हा तर छोटा विषय' म्हणून तो माफ होत नाही.

एका सत्राचा हिशेब मांडून बघू

पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या 2024 च्या पॅटर्नमध्ये एफवाय बीएस्सीचं पहिलं सत्र साधारण असं मांडलेलं आहे. तीन मुख्य विषय, समजा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. प्रत्येकाला दोन क्रेडिट थिअरीचे आणि दोन प्रॅक्टिकलचे. झाले 12. उरलेल्या 10 क्रेडिटमध्ये पाच छोटे विषय येतात, प्रत्येकी दोन क्रेडिटचे:

ओई, म्हणजे दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय.
एसईसी, म्हणजे हातात काही कौशल्य देणारा विषय.
आयकेएस, म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरेची ओळख.
एईसी, म्हणजे भाषा.
व्हीईसी, म्हणजे मूल्यशिक्षण, ज्यात पर्यावरणासारखे विषय येतात.

दुसऱ्या सत्रात आयकेएसच्या जागी सीसी येतं. त्यात खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, कला अशा गोष्टींना क्रेडिट मिळतात. इतर विद्यापीठांत मांडणी थोडी वेगळी असेल, पण मूळ सांगाडा राज्यभर एकच आहे.

आता 22 पैकी 10 क्रेडिट छोट्या विषयांचे, याचा निकालावर काय परिणाम होतो ते पाहा. नव्या पद्धतीत गुणांवरून श्रेणी मिळते आणि श्रेणीला अंक असतो: ओ ला 10, ए प्लसला 9, ए ला 8, बी प्लसला 7, बी ला 6, आणि पुढे उतरत जातं. प्रत्येक विषयाचा अंक त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. जे येतं ते त्या सत्राचं एसजीपीए. सगळ्या सत्रांचं मिळून होतं ते सीजीपीए.

दोन मुली घ्या. दोघींना तिन्ही मुख्य विषयांत ए श्रेणी आहे. पहिलीने छोट्या विषयांकडे लक्ष दिलं नाही, पाचही विषयांत बी आली. तिचा हिशेब: 12 गुणिले 8 म्हणजे 96, अधिक 10 गुणिले 6 म्हणजे 60, एकूण 156. भागिले 22, आले 7.09. दुसरीने छोट्या विषयांचाही अभ्यास केला आणि पाचही ठिकाणी ए प्लस मिळवला. 96 अधिक 90 म्हणजे 186, भागिले 22, आले 8.45. रसायनशास्त्र दोघींना सारखंच येतं, आणि गुणपत्रिकेवर इतका फरक. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 7.5 सीजीपीए किंवा 75 टक्के लागतात. दोघी अशाच चालत राहिल्या तर पहिलीला तो दरवाजा बंद राहील.

मेजर आणि मायनर

ज्या विषयात पदवी मिळते तो मेजर. तीन वर्षांतले किमान निम्मे क्रेडिट त्याचे असतात. त्याच्या सोबतीने घ्यायचा दुसरा विषय म्हणजे मायनर, साधारण 18 ते 20 क्रेडिटचा. कापसात तुरीचं आंतरपीक घेतो तसं हे आहे. मुख्य उत्पन्न कापसाचंच, पण तुरीच्या ओळी आधीच हिशेबाने पेराव्या लागतात, आणि कापसाला भाव पडला तर त्या वर्षी घर तुरीवर तरतं.

मायनरचं पेरणीचं वेळापत्रक विद्यापीठागणिक बदलतं. पुण्यासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकायचे, दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर करायचा, एक मायनर आणि तिसरा सोडायचा. काही ठिकाणी मेजर पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. आपल्या कॉलेजात कोणती पद्धत आहे हे अर्ज भरायच्या आधी विचारा. कारण पहिल्या वर्षी न घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून मिळेलच असं नाही.

मायनर निवडताना मुलं बहुधा 'सोपा कोणता' एवढंच विचारतात. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मेजरच्या जोडीला हा विषय असला तर मला नवं काय करता येईल? भूगोल मेजर असलेल्याला संख्याशास्त्र मायनर मिळालं तर नकाशे आणि आकडेवारी दोन्ही हाताळता येतात. वनस्पतिशास्त्राला रसायनशास्त्राची जोड असेल तर माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत उभं राहता येतं. राज्यशास्त्र आणि इतिहास ही जोडी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला उपयोगी पडते, आणि ती जवळपास प्रत्येक कला शाखेत उपलब्ध असते.

बीएड करून शिक्षक व्हायचं असेल किंवा पुढे एमएस्सी-एमए करायचं असेल तर आणखी एक गोष्ट आत्ताच बघा. बीएडला अध्यापनाचा विषय पदवीच्या विषयांवरून ठरतो. पदव्युत्तर प्रवेशालाही बहुतेक ठिकाणी तो विषय मेजर असावा लागतो, काही ठिकाणी मायनरही चालतो. ज्या विद्यापीठात जायचं आहे त्याची प्रवेश नियमावली वाचून मगच तिसरा विषय सोडा.

यादीत आहे, पण वर्ग भरतो का?

सगळा गोंधळ इथे होतो. विद्यापीठ ओई किंवा एसईसीसाठी विषयांची मोठी यादी देतं. तिला बास्केट म्हणतात. कॉलेज त्या बास्केटमधून काही विषय उचलतं. कोणते उचलायचे हे तीन गोष्टींवर ठरतं: शिकवायला माणूस आहे का, वेळापत्रकात तास बसतो का आणि पुरेशी मुलं येतात का.

शिक्षकांची स्थिती तर सगळ्यांना माहीत आहे. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे शिक्षक वर्ग ओढतात. त्यांची नेमणूक बरेचदा सत्र सुरू झाल्यावर होते. ज्या विषयाचा शिक्षकच जुलैपर्यंत ठरलेला नाही, तो विषय कॉलेज जूनमध्ये ठामपणे देऊ शकत नाही. मग अर्जावर सहा ओई दिसतात आणि प्रत्यक्षात दोनच सुरू होतात. बाकीच्या मुलांना तिथे ढकललं जातं.

ज्या कॉलेजात एकच शाखा आहे, फक्त कला किंवा फक्त वाणिज्य, तिथे अडचण आणखी मोठी असते. ओई तर दुसऱ्या शाखेतला हवा! अशा वेळी कॉलेज उपलब्ध शिक्षकांना दुसऱ्या शाखेच्या बास्केटमधला त्यातल्या त्यात जवळचा विषय देतं. इंग्रजीचे सर 'संवादकौशल्य' शिकवतात, अर्थशास्त्राच्या मॅडम 'वैयक्तिक अर्थनियोजन'. यात चूक काही नाही, उलट चांगला शिक्षक असेल तर असा विषय मुख्य विषयापेक्षा जास्त लक्षात राहतो. मात्र निवड किती खरी आहे हे मुलाला आधी कळलं पाहिजे.

म्हणून प्रवेशाच्या वेळी, खिडकीपेक्षा विभागात जाऊन, प्राध्यापकांना थेट विचारा: गेल्या वर्षी यातले कोणते ओई आणि एसईसी खरोखर चालले? कोण शिकवत होतं? प्रॅक्टिकल झालं का? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलंत तर आणखी स्पष्ट उत्तर मिळेल. आणि हवा असलेला विषय सुरूच होणार नसेल तर तो मागणारी मुलं एकत्र येऊन प्राचार्यांना लेखी अर्ज देऊ शकतात. पाच मुलांसाठी वर्ग उघडणार नाही, पण चाळीस मुलांची सही असलेला अर्ज वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीला विचारात घ्यावा लागतो.

दुसरा एक मार्ग आहे, 'स्वयम'. हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला शुल्क असतं. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने करण्याची मुभा विद्यापीठं देऊ शकतात. पण आपल्या कॉलेजाने तो विशिष्ट कोर्स आधी मान्य करावा लागतो. आपल्या मनाने कोर्स पूर्ण करून नंतर क्रेडिट मागितले तर ते मिळतीलच याची खात्री नाही. आधी लेखी मान्यता, मग नोंदणी.

कॉलेजच्या बाहेरचे क्रेडिट

या आराखड्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे ओजेटी, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणं. चार क्रेडिट म्हणजे साधारण 120 तास. त्याशिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेलं काम यांनाही क्रेडिट आहेत.

शहरातल्या मुलांना 'कंपनीत इंटर्नशिप' मिळते आणि आपल्याकडे कुठली कंपनी, अशी खंत गावाकडे ऐकू येते. पण तालुक्यात काय नाही? सहकारी साखर कारखाना आहे, दूध संघ आहे, पतसंस्था आहे, ग्रामपंचायत, बाजार समिती, कृषी सेवा केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे.

साखर कारखान्याची प्रयोगशाळाच घ्या. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गात अपवर्तनांक आणि ध्रुवित प्रकाश पुस्तकातून कळतात. कारखान्यात रसाचा ब्रिक्स काढतात, म्हणजे त्यात एकूण विरघळलेले घन पदार्थ किती हे रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. मग पोलारिमीटरने पोल काढतात, म्हणजे त्यातली साखर साधारण किती ते बघतात. या दोन आकड्यांवरून रसाची शुद्धता कळते. चुना घातल्यावर सामू किती आला यावर तर अख्ख्या पाळीचं लक्ष असतं, कारण तो घसरला तर साखरच उलटी फिरून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. दर तासाला नमुना येतो, दर तासाला नोंद होते, आणि आकडा चुकला की पलीकडच्या विभागातून माणूस विचारायला येतो. जर्नलमध्ये सुबक आकृती काढून हे येत नाही.

फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कॉलेजने ओजेटी परीक्षा संपल्यावर मे महिन्यात ठेवली तर मुलगा बंद कारखान्यात जाऊन उभा राहील. हे समन्वयक प्राध्यापकांच्या कानावर वेळेत घाला. पतसंस्थेत मार्चअखेर काम भरपूर असतं, पण नवख्याला शिकवायला तिथे कुणाला सवड नसते. आपल्या भागाचं वर्ष कसं चालतं हे मुलांना चांगलं माहीत असतं, तेव्हा ओजेटीची जागा त्यांनीच सुचवावी.

"एवढे विषय करून मूळ विषय कच्चा नाही का राहणार?"

ही शंका प्राध्यापकही घेतात. पहिल्या वर्षापुरती ती पूर्ण खोटी नाही, कारण वेळ विभागला जातो. पण जुन्या पॅटर्नमध्येही अनेक विद्यापीठांत बीएस्सीच्या पहिल्या वर्षी चार विषय असायचे आणि तिसऱ्या वर्षी एक उरायचा. नव्या रचनेतही तिसऱ्या वर्षी मेजरचं वजन वाढत जातं. कच्चेपणाचं मोठं कारण मला दुसरीकडे दिसतं. वर मांडलेल्या सत्राचे 22 क्रेडिट 15 आठवड्यांवर वाटले तर सहा तास मुख्य विषयांची थिअरी, बारा तास प्रॅक्टिकल आणि छोटे विषय थिअरीचे धरले तर दहा तास, असे आठवड्याला 28 तास होतात. एसटीने रोज ये-जा करणारी मुलगी शेवटच्या गाडीसाठी तीन वाजता निघते आणि दुपारचं प्रॅक्टिकल अर्धवट सोडते. तालुक्याच्या कॉलेजांनी प्रॅक्टिकल सकाळी आणि भाषा-मूल्यशिक्षणाचे तास दुपारी ठेवले तरी बरंच नुकसान टळेल.

"एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं, मग पुढे कशाला शिकवायचं?"

नव्या पद्धतीत पहिल्या वर्षानंतर थांबता येतं. 40 ते 44 क्रेडिट झाले आणि जादा चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनंतर अशाच जादा चार क्रेडिटसह डिप्लोमा मिळतो. थांबलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते.

सोय चांगली आहे. वडील आजारी पडले, दुष्काळ आला, घरात कमावतं कुणी उरलं नाही, तर पूर्वी केलेलं वर्ष वाया जायचं. आता ते जमा राहतं. पण ही सोय अडचणीसाठी आहे. जिथे 'कोणत्याही शाखेची पदवी' मागतात, एमपीएससीच्या राज्यसेवेसारख्या परीक्षांत, तिथे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा चालत नाही. आणि मुलींच्या बाबतीत मला स्पष्ट सांगायचं आहे: 'एक वर्षाचा कागद मिळाला, आता पुरे' असं म्हणून स्थळ बघायला सुरुवात झाली तर ती मुलगी कागदोपत्री परत येऊ शकते, प्रत्यक्षात फार थोड्या येतात. पालकांनी सर्टिफिकेटकडे शेवटचा थांबा म्हणून बघू नये ही कळकळीची विनंती.

"चार वर्षं सक्तीची आहेत का?"

नाहीत. तीन वर्षांची पदवी आजही पूर्ण पदवी आहे. ती घेऊन स्पर्धा परीक्षा देता येतात, दोन वर्षांचं एमए-एमकॉम-एमएस्सी करता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळतं, आणि त्यानंतरचं पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होतं. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर थेट पीएचडीसाठी पात्र ठरण्याची तरतूदही यूजीसीच्या 2022 च्या नियमांत आहे. चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक विषयाला असेलच असं नाही. संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात मार्गदर्शक आणि साधनं लागतात. ते आपल्या कॉलेजात आहे का, हे दुसऱ्या वर्षातच विचारून ठेवावं.

"बीबीए, बीसीए याच इमारतीत आहे, फी मात्र कितीतरी जास्त. का?"

बीए, बीकॉम, बीएस्सीच्या जुन्या तुकड्या बहुधा अनुदानित असतात, म्हणजे शिक्षकांचा पगार शासन देतं. बीबीए, बीसीएसारखे कोर्स विनाअनुदानित, त्यामुळे खर्च फीमधून निघतो. शिवाय 2024-25 पासून हे दोन कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. काही कॉलेजांत मिळत्याजुळत्या अभ्यासक्रमाचे बीकॉम किंवा बीएस्सीचे कोर्स सीईटीशिवाय असतात. नाव सारखं वाटलं तरी पदवीवर काय छापून येणार ते विचारून घ्या. शिष्यवृत्ती आणि फीमाफीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला नवा लागतो. तो तहसीलमधून मिळायला वेळ जातो, म्हणून निकालाची वाट न बघता काढून ठेवावा.

याच कॉलेजांत अनेकदा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्रही असतं. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा अभ्यासक्रम नियमित पदवीसोबत करता येतो, कारण एप्रिल 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. बीकॉमच्या मुलीला आवडीचा एखादा विषय आपल्या कॉलेजच्या बास्केटमध्ये मिळाला नाही, तर हा रस्ता उघडा आहे.

"कॉलेज बदललं तर केलेलं वाया जाईल का?"

क्रेडिट वाया जात नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीमध्ये, खातं असतं. ते अपार आयडीने, 12 अंकी क्रमांकाने, ओळखलं जातं आणि डिजिलॉकरमध्ये बघता येतं. मात्र क्रेडिट खात्यात आहेत म्हणून दुसरं कॉलेज जागा देईलच असं नाही. तिथे जागा रिकामी हवी आणि केलेले विषय तिथल्या अभ्यासक्रमाशी जुळायला हवेत. मेजर जुळला आणि एसईसी जुळला नाही, असं होऊ शकतं. मग तेवढे क्रेडिट नव्याने करावे लागतात.

खातं उघडताना आधार कार्डावरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत फरक असेल तर इथे अडतं. गावाकडे हे फार होतं: एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे जन्मतारखेत घोळ. प्रवेशाच्या आधीच आधार दुरुस्त करून घ्या. नंतर प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर डिजिलॉकर उघडून 22 पैकी 22 क्रेडिट जमा झालेत का ते मोजा. दोन कमी दिसले तर बहुधा सीसी किंवा एखाद्या एसईसीचे अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेलेले नसतात. त्या विषयाचे शिक्षक सीएचबीवर असतील तर पुढच्या सत्रात ते कॉलेजात असतीलच असं नाही, म्हणून निकाल लागल्या आठवड्यातच परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या पोचेवर शिक्का घ्या.